मैदानावर एक तिसरा माणूस हवा

बडोद्याच्या मराठी घरांना खेळ नवा नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न प्रा. माणिकराव ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात असायची. व्यायामाविषयीची माहिती मराठीत दहा खंडांत गोळा करणारा ‘व्यायाम ज्ञानकोश’ द. चिं. मुजुमदारांनी याच शहरातून काढला. क्रिकेटमध्ये तर विजय हजारे, दत्ताजीराव गायकवाड, किरण मोरे ही नावे सांगताना अजूनही आपली छाती फुगते. आता पिढी बदलली. आपली मुले आखाड्याऐवजी बॅडमिंटन, पोहणे, स्केटिंग, जिम्नॅस्टिक्स, क्रिकेटच्या कोचिंगला जातात. पहाटे साडेपाचला झोपाळलेल्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून मैदानावर सोडणारे आईवडील मांजलपूरपासून फतेगंजपर्यंत कुठेही दिसतील.

आपण मुलाला सोडतो, ‘सरांना नमस्कार कर’ म्हणतो आणि निघतो. दोन तासांनी घ्यायला येतो. मधल्या दोन तासांत काय होते हे आपल्याला मुलाच्या तोंडून कळेल तेवढेच कळते. बहुतेक वेळा तिथे चांगलेच घडते. शिस्त लागते, मित्र मिळतात, अंगात ताकद येते. मात्र कधी कधी जे घडते त्याबद्दल आपल्या घरांत बोलले जात नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, क्रीडाक्षेत्रातला नाही. पण आमच्या व्यवसायातल्या जवळपास सगळ्यांनाच दरवर्षी एक ऑनलाइन प्रशिक्षण पुरे करावे लागते, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे. शेवटी दहा प्रश्न, मग प्रमाणपत्र. एकदा कुतूहल म्हणून मूळ कायदा उघडून वाचला. ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे काय, याच्या व्याख्येत कार्यालये, दवाखाने यांच्या बरोबरीने क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचीही स्पष्ट नोंद आहे, तिथे राहण्याची सोय असो वा नसो. शिवाय तक्रार करणारी स्त्री कोणत्याही वयाची असू शकते आणि ती तिथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. म्हणजे वातानुकूलित ऑफिसात बसणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांना जो कायदा दरवर्षी समजावून सांगितला जातो, तोच कायदा मैदानावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही लागू आहे. फरक इतकाच की तिला तो कुणी सांगत नाही.

छळ म्हणजे नेमके काय?

‘छळ’ म्हटले की आपल्या डोक्यात एकच प्रकार येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ मध्ये तज्ज्ञांकडून एक निवेदन तयार करून घेतले. त्यात मानसिक, शारीरिक, लैंगिक आणि दुर्लक्ष असे चार प्रकार सांगितले आहेत. मानसिक छळ हा बाकी सगळ्यांच्या मुळाशी असतो, असेही त्यात म्हटले आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे. सगळ्यांसमोर ‘म्हैस झालीस’ म्हणून मुलीच्या वजनावरून बोलणे हा मानसिक छळ. चूक झाली म्हणून पट्टीने मारणे, उन्हात उलटी होईपर्यंत पळवणे हा शारीरिक छळ. पाय सुजलेला असताना ‘नाटकं करू नकोस’ म्हणून खेळायला लावणे, किंवा परगावच्या स्पर्धेत मुलांच्या जेवणा-झोपण्याची कुणीच जबाबदारी न घेणे, हे दुर्लक्ष. आणि ‘पकड दाखवतो’ म्हणत नको तिथे हात लावणे, रात्री नको ते मेसेज पाठवणे, हा लैंगिक छळ. तो मुलींचा होतो, तसा मुलग्यांचाही होतो. कॅनडाचा शेल्डन केनेडी हा व्यावसायिक आइस हॉकी खेळणारा धिप्पाड खेळाडू. किशोरवयात प्रशिक्षकाने आपले वर्षानुवर्षे शोषण केले, हे त्याने १९९० च्या दशकात जाहीरपणे सांगितले आणि १९९७ मध्ये त्या प्रशिक्षकाला शिक्षा झाली.

यातले पहिले तीन प्रकार आपल्याकडे सर्रास ‘कडक शिस्त’ म्हणून खपतात. मार खाल्ल्याशिवाय पैलवान होत नाही, असे मानणारे लोक आजही आहेत. ते वाईटच असतात असे नाही. कित्येकांनी स्वतः तसाच मार खाल्लेला असतो आणि शिकवण्याची दुसरी रीत त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

मुले बोलत का नाहीत?

प्रशिक्षकाच्या हातात काय काय असते याची यादी करून पाहा. संघात कोण असेल ते तोच ठरवतो. स्पर्धेला कुणाचे नाव पाठवायचे, तेही तोच. मुलाने काय खावे, किती वजन असावे, कधी झोपावे हे तो सांगतो. शरीराला हात लावून शिकवण्याची मुभा त्याला असते. परगावी तोच पालक असतो. आणि मुलाचे कौतुक करणारा, मुलाच्या दृष्टीने जगातला सर्वात महत्त्वाचा माणूसही तोच असतो. शाळेत एका शिक्षकाशी पटले नाही तर आणखी सात शिक्षक असतात. मैदानावर बहुधा एकच ‘सर’ असतात.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. कितीही हुशार आणि प्रामाणिक इंजिनिअर असला, तरी त्याने लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय ग्राहकापर्यंत जात नाही. यात कुणाला अपमान वाटत नाही. सगळी सूत्रे एकाच माणसाच्या हाती असणे धोक्याचे, हे आम्ही गृहीतच धरतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण ‘सर देवमाणूस आहेत’ एवढ्यावर निश्चिंत होतो.

अमेरिकेतल्या लॅरी नासर या डॉक्टरबद्दलही लोक असेच बोलत. तो राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. उपचाराच्या नावाखाली तो मुलींचे लैंगिक शोषण करी आणि कधी कधी त्या खोलीत मुलीचे आईवडील हजर असत. तो आपल्या शरीराआड हात लपवून ते करी. १९९७ सालीच काही मुलींनी विद्यापीठाच्या प्रशिक्षिकेला सांगितले होते, पण ते दाबले गेले. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयात १५० हून अधिक जणींनी उभे राहून आपापली कहाणी सांगितली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. मधल्या वीस वर्षांत कित्येक मोठ्या माणसांच्या कानावर गोष्टी गेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांचे पद किंवा प्रतिष्ठा त्याच खेळावर अवलंबून होती.

आपल्या देशात

आपल्याकडची एक जुनी आणि मनाला चटका लावणारी घटना पंचकुल्याची. ऑगस्ट १९९० मध्ये रुचिका गिरहोत्रा या चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा एस. पी. एस. राठोड याने विनयभंग केला. तो हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस दलात महानिरीक्षकही. महिनाभरात पोलीस महासंचालकांच्या चौकशीत तक्रारीत तथ्य आढळले, पण गुन्हा नोंदवायला १९९९ उजाडले. दरम्यान रुचिकाला शाळेतून काढले गेले, तिच्या भावावर चोरीचे गुन्हे लादले गेले आणि डिसेंबर १९९३ मध्ये तिने आपले जीवन संपवले. २००९ मध्ये राठोड दोषी ठरला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते दोषित्व कायम ठेवले. हा खटला एकोणीस वर्षे जिवंत ठेवला तो रुचिकाची मैत्रीण आराधना आणि तिच्या आईवडिलांनी. त्यांना ना पदक मिळणार होते, ना संघात जागा. त्यामुळे त्यांच्यावर दबाव आला तरी ते टिकून राहिले.

अलीकडची घटना आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप होते. ते आरोप त्यांनी नाकारले आहेत. एप्रिलमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर गुन्हे नोंदवले गेले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरचा खटला २०२५ मध्ये बंद झाला. महिला कुस्तीगिरांच्या खटल्यात मात्र न्यायालयाने २०२४ मध्ये आरोप निश्चित केले. निकाल काय लागायचा तो न्यायालयात लागेल. मला महत्त्वाची वाटते ती त्या काळात समोर आलेली दुसरी गोष्ट. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने तपासले तेव्हा ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी जवळपास निम्म्यांकडे कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत तक्रार समिती धडपणे नव्हती. त्यावरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटिसा काढल्या. ऑलिंपिक पदक जिंकलेल्या साक्षीला तक्रार घेऊन रस्त्यावर बसावे लागत असेल, तर आपल्या गल्लीतल्या मुलीने कुणाकडे जावे?

आणि आपले बडोदेही याला अपवाद नाही. मार्च २०२० मध्ये बडोदा क्रिकेट असोसिएशनने आपल्या महिला संघाच्या प्रशिक्षकाला निलंबित केले. खेळाडूंच्या शरीरावरून शेरे मारणे, खच्चीकरण करणारे आणि असभ्य बोलणे असे आरोपांचे स्वरूप वर्तमानपत्रांत आले होते. ते त्यांनी फेटाळले. चौकशीनंतर निलंबन मागे घेतले गेले, पण महिला संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे राहिले नाही. कुणा एका माणसाकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या शहरातल्या मुलींनी तोंड उघडले, लेखी तक्रार झाली, चौकशी झाली, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असायला हवे.

समाजकार्यकर्ता इथे काय करतो?

‘सोशल वर्कर’ म्हटले की आपल्याला रक्तदान शिबिर आणि वह्यावाटप आठवते. इथे मी म्हणतोय तो प्रशिक्षित, पदवी घेतलेला समाजकार्यकर्ता. त्याच्या पगाराचा पदकांशी संबंध नसतो, त्याला संघ निवडायचा नसतो आणि तो मुलाचा नातेवाईकही नसतो. मैदानावर प्रशिक्षक आणि पालक यांच्या पलीकडचा हा तिसरा माणूस. कायद्यानेही त्याला जागा करून दिली आहे. अंतर्गत समितीत बाहेरचा एक सदस्य घ्यावाच लागतो, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या प्रश्नांची जाण असलेला. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तिची अध्यक्ष समाजकार्यातलीच स्त्री असावी असे कायदा म्हणतो. आपल्या बहुतेक खासगी कोचिंग क्लासेसना ही दुसरी तरतूदच लागू पडते.

त्याचे पहिले काम काही घडण्याआधीचे. शिबिर सुरू होण्यापूर्वी मुले, पालक आणि प्रशिक्षक यांच्याशी वेगवेगळे बोलणे आणि नियम ठरवणे. अमेरिकेत नासर प्रकरणाच्या सुमारास ‘सेफस्पोर्ट’ नावाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. त्यांचा एक नियम मला फार आवडला. मोठा माणूस आणि लहान खेळाडू एकटे असतील, तर ते इतर कुणाला दिसतील आणि मध्येच थांबवता येतील अशाच जागी असावेत. म्हणजे दार उघडे, पडदा बाजूला. मेसेज पाठवायचा तर पालकांनाही त्यात घ्यायचे. यासाठी पैसा लागत नाही, आणि चांगल्या प्रशिक्षकालाही खोट्या आरोपापासून संरक्षण मिळते.

दुसरे काम ऐकण्याचे. मूल काही सांगू लागले की आपण घाबरून ‘कधी? कुठे? तू ओरडली का नाहीस?’ असा भडिमार करतो. मग आजीला सांगायला लावतो, मग काकाला. प्रशिक्षित माणूस मुलाला त्याच्या शब्दांत, त्याच्या गतीने बोलू देतो आणि ते तसेच टिपून ठेवतो. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे खोटे वचन तो देत नाही, कारण अठरा वर्षांखालील मुलाच्या लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे. हा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे.

तिसरे काम सोबत करण्याचे. पॉक्सो कायद्यात ‘सपोर्ट पर्सन’ म्हणजे सोबतीच्या व्यक्तीची तरतूद आहे. पोलीस जबाब, वैद्यकीय तपासणी, न्यायालय, प्रत्येक पायरीवर ही व्यक्ती मुलाबरोबर असते आणि पुढे काय होणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोबत प्रत्यक्षात मिळालीच पाहिजे यावर भर दिला. मुलाचा जबाब घ्यायला पोलिसांनी गणवेशात येऊ नये, मुलाची ओळख छापू नये, ही माहिती बहुतेक आईवडिलांना त्या वेळी सुचतही नाही. ती सांगणारे कुणीतरी शेजारी हवे.

अशी व्यवस्था उभी राहू शकते याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९८४ मध्ये टाटा समाज विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण पोलीस नसलेल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या तिथे बसू लागल्या. पुढे हे कक्ष महाराष्ट्रभर गेले. आपल्याकडे गुजरातमध्ये १८१ ‘अभयम’ला फोन केला, तर येणाऱ्या गाडीत महिला पोलिसाबरोबर समुपदेशकही असते. पोलीस ठाण्यात जे जमले ते क्रीडासंकुलात का जमू नये? महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फतेगंजची समाजकार्य विद्याशाखा देशातल्या जुन्या विद्याशाखांपैकी एक आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावे लागते. ते वस्त्यांत जातात, दवाखान्यांत जातात. आपल्या मैदानांवरही त्यांना बोलावता येईल.

चौथे काम सर्वात कमी दिसणारे. तक्रारीनंतर मुलाचे काय? दुसरा क्लास शोधणे, संघातल्या इतरांनी टाकलेला बहिष्कार मोडणे, ‘आम्हीच तिला तिथे पाठवले’ म्हणून खचलेल्या आईवडिलांना सावरणे आणि मुलाला पुन्हा खेळात आणणे.

खेळ बंद करू नका

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे. असे काही कानावर आले की आपल्या घरांतली पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘उद्यापासून जायचं नाही. आपल्याला कुठे ऑलिंपिकला जायचंय?’ यामागे माया असते, भीती असते. पण मुलीच्या बाजूने पाहा. चूक दुसऱ्याने केली आणि तिचा खेळ गेला, मैत्रिणी गेल्या, पहाटेचे ते मोकळे दोन तास गेले. हे होणार हे तिला आधीच ठाऊक असते, म्हणून ती गप्प राहते. ज्याला तिचा फायदा घ्यायचा असतो, त्यालाही हे पक्के ठाऊक असते. ‘घरी सांगितलंस तर तुझाच खेळ बंद होईल’ एवढे एक वाक्य त्याला पुरते, आणि दुर्दैवाने ते खरे असते.

ते वाक्य खोटे ठरवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी समिती लागत नाही, कायदा लागत नाही. आज रात्री जेवताना मुलांना सांगा, ‘मैदानावर काहीही झालं तरी आम्हाला सांग. जागा बदलू, सर बदलू, पण तुझा खेळ बंद करणार नाही.’ आणि वेळ आलीच तर ते पाळा.

आपल्यासाठी थोडक्यात

• क्लास लावताना फी आणि वेळेबरोबर विचारा: तक्रार कुणाकडे करायची? परगावी मुलांबरोबर कोण जाते? मुलींबरोबर स्त्री असते का? उत्तर देताना कुणी चिडत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

• मुलाची झोप, भूक, मैदानावर जाण्याचा उत्साह अचानक बदलला, तर ‘आळशी झाला’ म्हणण्याआधी निवांत बोला.

• मुलामुलींनो, १०९८ हा नंबर तुमच्यासाठी आहे. तुम्ही स्वतः फोन करू शकता, मित्रासाठीही करू शकता. मित्राने सांगितलेली अशी गोष्ट मोठ्यांना सांगणे म्हणजे चहाडी नव्हे.

• वयात आलेल्या मुलींनी लक्षात ठेवा, २०१३ च्या कायद्याखाली लेखी तक्रार साधारण तीन महिन्यांत करावी लागते. मेसेज पुसून टाकू नका.

• ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात सुरक्षित खेळाच्या धोरणाला जागा दिली आहे. आपापल्या संघटनेला त्याबद्दल विचारत राहा.

शेवटी आपल्या मंडळाला एक विनंती. दर उन्हाळ्यात आपण मुलांसाठी शिबिर घेतो आणि वर्षभर क्रीडास्पर्धा भरवतो. पुढच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी दोन तास राखून ठेवूया. समाजकार्य विद्याशाखेतल्या कुणाला तरी बोलावूया. एक तास मुलांसाठी आणि एक तास पालक व प्रशिक्षकांसाठी. बाहेरच्या फलकावर वेळापत्रकाच्या शेजारी तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि नंबर लावूया. या कामात मी मदतीला तयार आहे. आणखी दोन-चार जण पुढे आले, तर या मे महिन्यातच सुरुवात करता येईल.